कंपनीची नादारी आणि आईची सही

पत्राचा सारांश : पत्रलेखक ४६ वर्षांचे असून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत धाकट्या भावासह वाहनांचे सुटे भाग मशिनिंग करून देणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालवतात. कामगार चौदा आहेत. एका राष्ट्रीयीकृत बँकेची १ कोटी ४० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा पूर्ण वापरलेली आहे आणि मुदत कर्जाचे ३५ लाख फेडायचे आहेत. निम्म्याहून अधिक काम देणारी ग्राहक कंपनी दीड महिन्यापूर्वी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) नादारीसाठी दाखल झाली असून तिच्याकडे ६२ लाख अडकले आहेत. बँकेचा हप्ता थकून ५२ दिवस झाले आहेत. कर्जाला आईचा कोथरूडचा फ्लॅट तारण आहे, आई स्वतः जामीनदार आहे, आणि तिला यातले काहीही सांगितलेले नाही. एका परिचित सल्लागाराचे म्हणणे असे की, कंपनी दिवाळखोरीत काढली की कर्ज पुसले जाईल आणि जामीनही आपोआप सुटेल. त्याआधी मेहुण्यांचे हातउसने १२ लाख परत करावेत आणि फ्लॅट बक्षीसपत्राने बहिणीच्या नावे करावा. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेल्या धंद्याचे दिवाळे आपल्या हातून काढावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘दिवाळे’ हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि ‘बँक मॅनेजरशी बोललो’ असे एकदाही आलेले नाही, म्हणून उत्तराची सुरुवात शब्दापासूनच करतो. आपल्याकडे दिवाळे निघणे म्हणजे पेढीवर भर दिवसा दिवा लावून सावकाराने गाव सोडणे, अशी जुनी लोकसमजूत आहे, आणि त्यात लबाडीची छटा आहेच. परंतु ज्या कायद्याविषयी तुम्ही विचारता, त्याच्या मराठी नावात पहिला शब्द नादारी हा आहे, दिवाळखोरी नंतर येते : नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६. पुण्याच्या जुन्या शाळांतून ज्या मुलांना फी माफ असे त्यांना ‘नादारी मिळाली’ असे म्हणत, आणि त्या मुलांपैकी कित्येक पुढे नावारूपाला आले. नादारी ही एक अवस्था आहे. आज देणे आहे आणि द्यायला रोख नाही, एवढाच तिचा अर्थ. दिवाळखोरी हा त्या अवस्थेचा एक संभाव्य शेवट आहे. तुम्ही आज पहिल्या टप्प्यावर आहात आणि निर्णय मात्र शेवटच्या टप्प्याचे घेऊ पाहत आहात.

तुमच्या सल्लागाराने सुचवलेला मार्ग संहितेच्या कलम १० चा आहे, म्हणजे कंपनीने स्वतःच स्वतःविरुद्ध अर्ज करणे. या मार्गाची पहिली अडचण अशी की तो आज तुमच्यासाठी बहुधा उघडाच नाही. कंपन्यांच्या बाबतीत थकबाकीची किमान मर्यादा आधी १ लाख रुपये होती. २४ मार्च २०२० च्या अधिसूचनेने ती १ कोटी झाली. तुमचे एकूण कर्ज पावणेदोन कोटींच्या घरात असले तरी थकलेली रक्कम म्हणजे चुकलेले हप्ते आणि व्याज, आणि तुमच्या आकड्यांवरून ती अद्याप काही लाखांच्या पुढे दिसत नाही. बँकेने संपूर्ण कर्ज परत मागितल्याशिवाय ती कोटीच्या वर जाणार नाही. ज्या सल्लागाराने हे न पाहता बक्षीसपत्रापर्यंत मजल मारली, त्याचे पुढचे शब्दही जरा जपूनच घ्यावेत, असे मला वाटते.

समजा मार्ग उघडला, तर तिथे काय होते तेही पाहा. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीचा कारभार संचालकांकडून जातो आणि न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे, म्हणजे हंगामी रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, येतो. तुम्ही आणि तुमचा भाऊ आपल्याच शेडमध्ये माहिती पुरवणारे सहकारी होता. कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली कलम १४ नुसार थांबतात, ही खरी सवलत आहे. मग वित्तीय धनकोंची, म्हणजे कर्ज देणाऱ्यांची, समिती बसते, आणि तुमच्या बाबतीत समिती म्हणजे जवळजवळ एकटी बँकच. मुदत १८० दिवसांची, वाढवून आणि न्यायालयीन वेळ धरून ३३० दिवसांची, आणि प्रत्यक्षात अनेक प्रकरणे तिच्याही पुढे जातात. या काळात रिझोल्यूशन प्रोफेशनलचे किमान मानधन तुमच्या आकाराच्या कंपनीसाठीही महिन्याला १ लाख रुपये आहे. वकील, मूल्यांकन आणि एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाच्या फेऱ्या वेगळ्या. चौदा कामगारांच्या शॉपला हा खर्च पेलवतो का, याचे उत्तर माझ्यापेक्षा तुम्हाला चांगले ठाऊक आहे. शिवाय मुदतीत कंपनी सावरण्याची कोणाची योजना मंजूर झाली नाही तर पुढचा टप्पा अवसायनाचा असतो, म्हणजे मशिने लिलावात.

आता मूळ गैरसमज, ज्याच्यासाठी हे उत्तर मी इतके लांबवत आहे. कंपनीची नादारी जामीनदाराला मुक्त करत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कंपनीला मिळणारी स्थगिती जामीनदाराला मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये व्ही. रामकृष्णन प्रकरणात सांगितले आणि त्याच वर्षी कायद्यातही स्पष्टपणे लिहिले गेले. १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांविरुद्ध स्वतंत्र नादारी प्रक्रिया सुरू करता येते. मे २०२१ मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात ही प्रक्रिया लागू करणारी अधिसूचना वैध ठरली आणि कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही हेही त्याच निकालात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलीप जिवराजका प्रकरणाने त्या प्रक्रियेवरचा घटनात्मक आक्षेपही फेटाळला. तेव्हा सल्लागाराच्या मार्गाने गेलात तर कंपनीभोवती कुंपण पडेल, आणि बँकेसमोर मोकळी उरेल ती तुमची आई.

तुम्ही स्वतः सही केलेल्या धनादेशांची गोष्टही अशीच आहे. कंपनीविरुद्धचा धनादेश न वटल्याचा खटला स्थगितीत थांबतो, सही करणाऱ्या संचालकाविरुद्धचा थांबत नाही (पी. मोहनराज प्रकरण, मार्च २०२१), आणि संचालकाने किंवा जामीनदाराने स्वतःच्या नादारीचा अर्ज केला तरी असा खटला अडत नाही, असे एप्रिल २०२५ मध्ये राकेश भनोत प्रकरणात ठरले. पत्रात तुम्ही ‘पोलादवाल्याला तीन पुढच्या तारखांचे चेक दिले आहेत’ असे ओझरते लिहिले आहे. ती ओळ मला बँकेच्या हप्त्याइतकीच महत्त्वाची वाटली. त्या व्यापाऱ्याला धनादेशाच्या तारखेआधी भेटा, खात्यात रक्कम नसेल तर तारखा बदलून घ्या आणि जे ठरेल ते लेखी ठेवा.

मेहुण्यांचे १२ लाख आणि बक्षीसपत्र या दोन सूचनांविषयी माझे मत स्पष्ट आहे : दोन्ही करू नका. कंपनी पुढे खरोखरच एनसीएलटीत गेली, तर त्याआधी एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देऊन केलेले व्यवहार कलम ४३ खाली रद्द होऊ शकतात. संबंधित व्यक्तींच्या बाबतीत मागची दोन वर्षे आणि इतरांच्या बाबतीत एक वर्ष तपासले जाते. मेहुणे ‘संबंधित’ ठरले नाहीत असे गृहीत धरले तरी एक वर्ष उरतेच, आणि वसुली त्यांच्या दारात जाईल. म्हणजे ज्या माणसाने अडीअडचणीला हात दिला त्यालाच तुम्ही कज्ज्यात ओढाल. फ्लॅटचे तर मूळ कागद बँकेत आहेत आणि तारणाचा बोजा मालमत्तेबरोबर चालतो, मालकाच्या नावाबरोबर नाही. बहिणीच्या नावे केल्याने बँकेचा हक्क तसूभरही कमी होणार नाही; उलट धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करता येते, आणि तडजोडीच्या टेबलावर तुमच्याकडे असलेली एकमेव पुंजी, म्हणजे प्रामाणिकपणाची पत, त्या एका दस्ताने संपेल.

मग काय करावे? माझ्या मते तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा ५२ हा आहे. थकबाकी एकसष्टाव्या दिवशी पुढच्या, अधिक जोखमीच्या वर्गात जाते आणि नव्वद दिवस ओलांडले की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. एकदा ते ठरले की तुमचे फक्त एक कर्ज नव्हे, सर्व कर्जे अनुत्पादक धरली जातात. म्हणजे तुमच्या हातात साधारण पाच आठवडे आहेत. संहितेची सारी चर्चा या पाच आठवड्यांनंतरची आहे, आणि या पाच आठवड्यांसाठी वेगळी, कमी गाजलेली पण तुमच्या कामाची व्यवस्था आहे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २९ मे २०१५ रोजी अडचणीतल्या उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची एक चौकट अधिसूचित केली आणि रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०१६ च्या परिपत्रकाने ती बँकांना लागू केली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी, खाते अनुत्पादक होण्याआधी ताण ओळखून बँकेच्या समितीने हप्ते पुनर्रचित करणे, वाढीव खेळते भांडवल देणे किंवा वसुली करणे यांपैकी मार्ग ठरवावा, असे तिचे स्वरूप आहे. प्रो निट्स प्रकरणात १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांना बंधनकारक असल्याचे सांगितले, पण त्याच निकालात उद्योजकालाही जागे केले : आपण या वर्गातील उद्योग आहोत हे कागदपत्रांसह वेळेवर बँकेच्या निदर्शनास आणले नाही आणि जप्तीची कारवाई पूर्ण होऊ दिली, तर नंतर ही ढाल पुढे करता येत नाही.

म्हणून या आठवड्यातच शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाला उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडा, ग्राहक कंपनी एनसीएलटीत दाखल झाल्याच्या आदेशाची प्रत जोडा, आणि पुढच्या बारा महिन्यांत कोणत्या ग्राहकाकडून किती येईल याचा न फुगवलेला तक्ता जोडा. तुमच्याकडे आणखी दोन ग्राहक आहेत आणि त्यांचे काम मिळून क्षमतेच्या चाळीस टक्के आहे, हे तुम्हीच लिहिले आहे; तेवढ्यावर व्याज आणि पगार निघतात की नाही, हे बँकेच्या आधी तुम्ही आणि तुमच्या भावाने कागदावर पाहायला हवे. निघत नसतील, तर एखादे मशीन बँकेच्या संमतीने विकून मर्यादा खाली आणण्याचा प्रस्ताव तुम्हीच मांडलेला बरा. या तक्त्यात कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी सर्वांत वर ठेवा, कारण तो पैसा कंपनीचा नव्हताच आणि तो न भरल्यास जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः येते.

ही मांडणी फसली आणि खाते अनुत्पादक झाले, तर बँक सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्तेतून बँकेला थेट वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस देईल. ती नोटीस तुमच्या आईच्या नावेही येईल. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताबा घेतला गेल्यास पंचेचाळीस दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते, आणि ते न्यायाधिकरण पुण्यातच आहे. त्याच टप्प्यावर थकबाकी दहा लाखांच्या वर गेलेली असेल, तर तुमच्या वर्गातील उद्योगांसाठी एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या पूर्वनियोजित नादारी प्रक्रियेचा विचार करता येईल. तिच्यात कारभार तुमच्याकडे राहतो, योजना तुम्ही मांडता, कंपनीशी संबंध नसलेल्या वित्तीय धनकोंपैकी कर्जाच्या रकमेने ६६ टक्क्यांची संमती आधी घ्यावी लागते आणि सारे १२० दिवसांत संपवायचे असते. कागदावर ही तुमच्यासारख्यांसाठीच शिवलेली बंडी आहे. मात्र देशभरात अगदी मोजक्याच कंपन्यांनी ती आजवर अंगात घातली आहे, कारण ज्या बँकेची संमती मिळते तिच्याशी बहुतेक उद्योजक न्यायाधिकरणाबाहेरच तडजोड करून मोकळे होतात. तुमचीही एकच बँक आहे, त्यामुळे मी आधी बाहेरचीच तडजोड पाहीन. पूर्ण प्रक्रियेत जावेच लागले तर कलम २४० अ मुळे लहान उद्योगाच्या प्रवर्तकाला, तो जाणूनबुजून कर्ज बुडवणारा नसेल तर, आपल्याच कंपनीसाठी योजना देता येते, एवढे लक्षात असू द्या.

‘नवा कायदा येऊन सगळे सोपे होणार आहे’ असेही तुम्हाला कोणी सांगितले आहे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या आणि प्रवर समितीकडे गेलेल्या दुरुस्ती विधेयकाचा तो संदर्भ असावा. थकबाकी सिद्ध झाली की अर्ज दाखल करून घेणे न्यायाधिकरणाला बंधनकारक करणे, ठरावीक वित्तसंस्थांना न्यायालयाबाहेर प्रक्रिया सुरू करू देणे, समूह कंपन्यांचा एकत्रित विचार, असे बदल त्यात सुचवले होते. त्यातील एक प्रस्ताव तुमच्या घराशी संबंधित आहे : व्यक्तिगत जामीनदाराला निव्वळ अर्ज दाखल करताच मिळणारी तात्पुरती स्थगिती काढून घेणे. थोडक्यात, कायद्याचा कल धनकोची गती वाढवण्याकडे आहे. आईच्या नावे नादारीचा अर्ज करून वेळ काढू, असे कोणी सुचवल्यास अर्जाच्या तारखेला कोणती तरतूद लागू आहे याचे उत्तर वकिलाकडून लेखी घ्या.

आता ग्राहकाकडच्या ६२ लाखांकडे वळतो. तिथे तुम्ही अद्याप दावाच नोंदवलेला नाही, ‘मिळणार काहीच नाही’ म्हणून, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. दाव्यासाठीचे सुरुवातीचे चौदा दिवस गेले आहेत, पण प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवस, किंवा योजना मागवल्या जाईपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल तोवर उशिराचे कारण देऊन दावा करता येतो. माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांसाठी ‘ब’ नमुना आहे. त्यासोबत बिले, चलने, खरेदीच्या ऑर्डरी (पीओ), खतावणीचा उतारा आणि शिल्लक मान्य केल्याची ईमेल जोडा. मिळकतीची फार आशा मी दाखवणार नाही. मंजूर झालेल्या योजनांत सर्व धनकोंना मिळून मान्य दाव्यांच्या साधारण एक तृतीयांश रक्कम हाती आली आहे, आणि पुरवठादारांना बहुधा त्याहून कमी. परंतु दावा न केलेले देणे योजना मंजूर झाल्यावर कायमचे संपते, हे एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा प्रकरणाने पक्के केले आहे. शिवाय दाव्याची पोच हा तुमच्या बँकेपुढचा उत्तम पुरावा आहे.

त्याच ग्राहकाकडून अजूनही काम येत असेल, तर एक भेद नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळ पुरवठादार फसतात. प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीची बिले दाव्यात जातात. त्यानंतर रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या मंजुरीने पुरवलेल्या मालाचे पैसे प्रक्रियेच्या खर्चात मोडतात आणि ते सर्वांच्या आधी, पूर्ण द्यावे लागतात. जुन्या परचेस मॅनेजरच्या फोनवर माल पाठवू नका. नव्या तारखेची, रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या अधिकारातील लेखी ऑर्डर घ्या आणि जुने-नवे खाते वेगळे ठेवा. तुमची स्वतःची फिक्श्चर्स किंवा गेज त्यांच्या आवारात असतील तर त्यांची यादी आताच कळवा, कारण दुसऱ्याच्या मालकीची वस्तू त्या कंपनीच्या मालमत्तेत धरता येत नाही. उरलेल्या दोन ग्राहकांची बिले ४५ दिवसांपुढे जात असतील, तर तुम्ही सूक्ष्म किंवा लघु वर्गात असल्यास अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद हे दोन्ही तुमचे आहेत. लगेच वापरा असे म्हणत नाही, पण पैसे मागताना आवाज खाली ठेवण्याचे कारण नाही.

असेच पत्र भागीदारी पेढीच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या व्यवसायातील वाचकांकडूनही येते, म्हणून त्यांच्यासाठी एवढेच : २०१६ च्या संहितेतील व्यक्ती व पेढ्यांचा भाग केवळ कंपन्यांच्या जामीनदारांपुरता लागू झालेला आहे. पुण्यातील पेढीला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू पडतो आणि अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जातो. त्या कायद्यात कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये आहे, यावरून त्याचे वय कळावे.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर, आजच्या तारखेला, नाही असे आहे. पुढच्या पाच आठवड्यांत बँकेकडून लेखी नकार आला आणि उरलेल्या कामातून व्याजही निघेनासे झाले, तर तोच प्रश्न मला पुन्हा विचारा. तेव्हा उत्तर कदाचित वेगळे असेल, आणि तसे असेल तर निव्वळ वडिलांच्या लेथसाठी तोटा वाढवत राहणे हे संचालक म्हणून तुमच्या अंगाशीही येऊ शकते.

राहिल्या तुमच्या आई. त्यांनी कोणत्या कर्जासाठी, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या साली सही केली, नंतर मर्यादा वाढवताना त्यांची पुन्हा संमती घेतली होती का, हे सारे जामीनपत्रात आहे आणि ते तुमच्याकडे नाही. करार कायद्याच्या कलम १३३ नुसार जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता जामीन सुटू शकतो, मात्र बँकांच्या छापील जामीनपत्रांत अशी संमती बहुधा आगाऊच घेतलेली असते; म्हणून अंदाज न करता मूळ कागद वाचायला हवा, आणि तोही शक्यतो तुमच्या नव्हे, त्यांच्या स्वतंत्र वकिलाने. प्रत मागण्याचा अर्ज जामीनदार म्हणून त्यांच्याच सहीने जाणे योग्य. तो उद्या लिहा, आणि सहीसाठी पुढे करण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून तो त्यांना वाचून दाखवा.